युटिलिटी अद्याप उपलब्ध नाही

एक एप्रिलपासून परकार दर शुक्रवारी येऊन विचारतो,
"आला का फॉर्म?"
बंदरात अडकलेल्या कंटेनरबद्दल विचारावं तसं.
मी म्हणतो, नाही.
तो टेकतो, बूट काढत नाही.
नाही म्हटल्यावर बूट काढून कोण बसतं.

नमाजानंतरचं सोहार,
रस्ते पुसून काढल्यासारखे.
एसीखालच्या बादलीत थेंब,
लॅपटॉपवर एक करडं बटण.
दाबलं तरी दाबलं जात नाही.

मी गोदामात स्टोअरकीपर. सीए नाही,
हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलंय.
तरी अकरा जणांचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत,
त्यातले सात त्यांच्या मुलींच्या नावांचे.

परकारला वाटतं, उशीर म्हणजे तिकडे कुणीतरी झोपलंय.
मी त्याला गोदामाच्या भाषेत सांगतो:
माल उतरला की मी लगेच रॅकवर लावतो का?
दिल्लीत फेब्रुवारीत कायद्याची एक ओळ हलली.
ओळ हलली की फॉर्मात एक रकाना वाढतो,
रकाना वाढला की त्याची बेरीज
चौथ्या पानावर कुठेतरी जुळावी लागते,
न जुळली तर लाल अक्षरं उमटावी लागतात,
आणि ती लाल अक्षरंही
कुणालातरी बसून लिहावी लागतात, चहा पीत, चुकत.
शिवाय तुझी बँक अजून बोललेली नाही.
चिपळूणचा तुझा भाडेकरू बोललेला नाही.
आधी ते सांगणार तू किती कमावलंस,
मग तू सांगायचंस.
दोन्ही जुळलं तर तू खरा.

"म्हणजे माझ्याबद्दल मी सगळ्यात शेवटी?"
"हो."
"घरी पण तसंच हाय," म्हणाला,
आणि भाडेकरू शिगवणला फोन लावला.
शिगवण म्हणाला, कर कापायचा असतो ते मला काय ठाऊक,
मी भाडं भाभींच्या हातात देतो,
त्या मोजून घेतात.

फॉर्म येईल तेव्हा येईल,
तोवर दिवस तरी मोजून ठेवू, मी म्हटलं.
गेल्या वर्षात भारतात किती दिवस होतास?
"चौतीस." विचार न करता.
पासपोर्ट काढला. शिक्के पुसट,
एक तर दुसऱ्यावर चढलेला.
मे महिन्यात एकोणीस. फेब्रुवारीत सोळा.
पस्तीस.

"चौतीस," परकार म्हणाला.
"फेब्रुवारीत उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा चाळीस झालेले.
तो पण दिवस धरायचा?"
धरायचा.
"वीस मिनिटांचा?"
वीस मिनिटांचा असला तरी अख्खा.

तो जरा वेळ शिक्क्याकडे बघत राहिला.
मुंबईच्या विमानतळावर तो रांगेत उभा होता तेव्हा,
मोबाईलला रेंज नाही, पुढे एक रडणारं मूल,
तिकडे चिपळुणात मुनीराला हळद लागून झाली होती.
व्हिडिओ आला तो त्याने दुसऱ्या दिवशी बसमध्ये पाहिला, आवाज बंद ठेवून.
"सरकार धरतंय म्हणजे मी होतो ना तिथं?"
सरकारच्या हिशोबाने होतास, म्हटलं.
"मग लिव पस्तीस."

मी वहीत लिहिलं. पेन्सिलीने,
कारण फॉर्म अजून आलेला नाही
आणि तो येताना काय विचारेल
ते कुणालाच माहीत नाही.

जाता जाता दारात थांबून म्हणाला,
"पासवर्ड बदलायला लागेल का रे? तिचं आडनाव आता दलवाई झालंय."
आडनाव कुठे आहे त्यात, मी म्हटलं,
नाव आहे, आणि जन्मसाल.
"मग राहू दे."

एसीखालची बादली काठोकाठ भरली होती.
ती त्यानेच उचलली, बाहेर नेली,
भिंतीकडेच्या शेवग्याला ओतली,
मोकळी बादली परत जागेवर ठेवली.
थेंबांचा आवाज आता मोठा येतो.

"एकदा दाबून बघ की."
आत्ताच तर बघितलं.
"बघ तरी."

मी दाबलं.